वाशीमला निघालेल्या मोटारीचा जोड

सोमवार, ३ ऑक्टोबर १९३८. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे

या वेळेला माझी मोटार मेली. वेळ माझ्या कमरेच्या घड्याळाची आहे. तीस वर्षं ज्याच्यावर बाळंतिणींच्या नाड्या मोजल्या, त्या घड्याळाची. ओसरीवरच्या घड्याळाची नव्हे! ते या घरातल्या पुरुषासारखं आहे. वाजतं फार, बरोबर कधीच नसतं.

शनिवारी चालत होती. काल खंडेनवमी, म्हणून जागची हलवली नाही. आज दसरा. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला म्हणून निघाले, किल्ली फिरवली, बटन दाबलं. इंजिन गुरगुरलं, पण पेटलं नाही. सात वेळा! भोंगा वाजतो. दिवे लागतात. म्हणजे बॅटरी शाबूत. मग?

व्यंकटराव नवं उपरणं घेऊन ओसरीवर उभा. माझा धाकटा भाऊ, तहसिलीतला पेशकार, साहेबापुढे खटल्यांचे कागद मांडणारा. "अक्का, आता तरी सोडा हा नाद. बायकांनी मोटार हाकायची म्हणजे..." म्हणजे काय, ते तो कधीच पुरं करत नाही. कचेरीतही असाच बोलत असेल. लोकांचे खटले उगीच नाहीत वर्षानुवर्षं चालत.

इथं एकदा नीट लिहून ठेवते. वाशीमच्या सूतिकागृहाचं पत्र शुक्रवारी आलं. 'गावोगाव जाऊन बाळंतपणे करील अशी अनुभवी नर्स हवी आहे. आपल्याकडे मोटार असल्याचे कळते. मोटारीसह १ डिसेंबर रोजी रुजू व्हावे. न आल्यास जागा अकोल्याच्या बाईंना देण्यात येईल.' मोटारीसह! नुसती गंगूताई नको आहे त्यांना. आणि बरोबरच आहे त्यांचं. छप्पन्न वर्षांची बाई बैलगाडीतून किती खेड्यांना पुरणार?

पेन्शन घेऊन भावाच्या घरी आले त्याला चौदा महिने झाले. सकाळी चहा, दुपारी झोपेचं सोंग, संध्याकाळी वाती. अकराव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीला बाबांनी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात धाडलं तेव्हा हेच सगळं हिंगोली तोंडावर हात ठेवून बोललं होतं. ते सगळं पार करून आले ते वाती वळायला?

एक डिसेंबर. एकोणसाठ दिवस.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

बॉनेट उघडून बसले. मोटार ठेवायला वेगळी जागा नाही. गोठ्यातच, दोन गाई आणि एक वासरू यांच्या शेजारी. गाईंना माझी सवय झाली आहे. माणसांना अजून व्हायची आहे.

दवाखान्यातल्या लेडी डॉक्टर विलायतेला जाताना ही मोटार मला देऊन गेल्या, आणि चालवायला शिकवताना एक गोष्ट पक्की सांगून गेल्या: जिथपर्यंत ठीक चालतंय तिथून शोधत यायचं, जिथं बंद पडलंय तिथून नाही. म्हणून चोरबत्तीतला दिवा काढला, त्याला दोन तारा बांधल्या. एक टोक मोटारीच्या लोखंडाला, दुसरं बॅटरीला. टक्! दिवा गेला. सहा व्होल्ट त्या बिचाऱ्याला कुठले सोसणार? मग मोटारीच्याच मागच्या बत्तीतला काढला.

बॅटरीपाशी दिवा लागतो. किल्लीपाशी लागतो. किल्लीकडून निघालेल्या दोन वायरी अंगठ्याएवढ्या एका काळ्या डबीत शिरतात. हा जोड. डबीचे दोन अर्धे, एकात दोन पितळी खुंट्या, दुसऱ्यात त्यांची दोन भोकं. तिथून वायरी पुढे ठिणगी पाडायला जातात. डबीच्या अलीकडे दिवा लागतो. पलीकडे काळोख!

म्हणजे करंट डबीत शिरतो आणि बाहेर येत नाही. या घरात मी शिरले तसाच.

रोग सापडला. आता डबी उघडायची. दोन्ही अर्धे धरून ओढायचे, बस्स. ओढले. परत ओढले. पाय गाडीला लावून ओढले.

बुधवार, ५ ऑक्टोबर

निघाली नाही. उजव्या हाताचं नख गेलं.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

निघाली! चूक माझीच होती. अडलेलं मूल मी कधी ओढलं नाही, आणि इथं ओढत बसले. गरम पाण्यात फडकं पिळून डबीभोवती गुंडाळलं. दहा मिनिटं थांबले. मग ओढायचं नाही, नुसतं डोलवायचं. इकडे केसभर, तिकडे केसभर. आली बाहेर.

आणि आत काय? शेंदूर! दोन्ही खुंट्यांवर वाळून कडक झालेला, मारुतीच्या अंगावर असतो तसा.

सटवाजीला हाक मारली. सटवाजी आमच्या घरचा जुना गडी, व्यंकटरावाच्या जन्माआधीपासूनचा.

"हे काय?"

"शेंदूर हाय अक्कासाब."

"ते दिसतंय मला. इथं कशाला?"

"तुमीच म्हणल्या न्हाई का, खंडेनवमी हाय, मोटार सम्दी पुसून घे. पुसता पुसता ते दुभंगलं हातात. आत पाहतो त दोन खुंट्या! कशा झळकून राहिल्या होत्या. म्हणलं हाच हिचा देव. सम्द्या मोटारीला हळद-कुकू, आन् देवालाच कोरडं ठेवायचं व्हय?"

"कशात कालवलास?"

"जवसाच्या तेलात. लई चांगला बसतो. पाऊस आला तरी जात न्हाई."

चांगला बसतो! रंगारी लोखंडाला गंज चढू नये म्हणून हेच फासतात! मी अंगणात उभी राहून पाऊण तास बोलले. पितळाला पितळ उघडं भिडलं तरच करंट जातो. मध्ये केसाएवढा थर वाळून बसला, मग तो शेंदराचा असो की आणखी कशाचा, की सगळी मोटार मढं. सटवाजी मान डोलवत होता. व्यंकटराव पान लावत होता. अनुसूया, व्यंकटरावाची बायको, सुपात डाळ घेऊन दारात थांबली होती. तिनं एकच विचारलं, "म्हणजे डोळ्यांना दिसलाही नाही इतका पातळ असला तरी थांबते, वन्सं?"

"तरी थांबते," म्हटलं. बरं वाटलं. चौथीपर्यंतच शाळा झालीय तिची, पण या घरात प्रश्न विचारण्याइतकी अक्कल तिला एकटीलाच आहे.

केसांतल्या आकड्याच्या टोकानं शेंदूर खरवडला, रॉकेलनं धुतला. चार वाजून दहा मिनिटांनी मोटार सुरू. वासरू दावं तोडून पळालं. सटवाजीनं बॉनेटला हात जोडले. "रागावला व्हता देव," म्हणाला.

शनिवार, ८ ऑक्टोबर

औंढ्याला जाऊन आले. दुकानांपाशी गर्दी जमली, मोटार बघायला कमी आणि मला बघायला जास्त. एकजण म्हणाला, "बाई हाकून राहिली बे!" मी भोंगा वाजवला. पांगले.

निघताना अनुसूयेला म्हटलं होतं, चल. तिनं एकदा मोटारीकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "यांना विचारायचं राहिलं." मग विचारून ये! ती आत गेली ती आलीच नाही. एकोणतीस वर्षांची बाई! आल्यावर पाहते तर मोटारीच्या काचा पुसायला फडकं घेऊन उभी. तास-दीड तास पुसत होती.

वाशीमला पत्र टाकलं. येते. मोटारीसह.

रविवार, २३ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. मोटार ठीक. वाशीमचं उत्तर आलं, 'वाट पाहतो.' व्यंकटरावाला जेवताना सांगितलं. आकांत करील असं वाटलं होतं. "बरं आहे," म्हणाला आणि वरण मागितलं. हे काय?

गुरुवार, १० नोव्हेंबर

परत मेली. सकाळी आठ वाजून पाच मिनिटं.

दिवा लावून पाहिला. पाच मिनिटांत कळलं, तोच जोड. अलीकडे उजेड, पलीकडे काळोख. डबी या वेळी सहज निघाली. आत पाहिलं तर पितळ चकचकीत! शेंदूर नाही, गंज नाही, हिरवट डाग नाही. भिंगातून पाहिलं. लग्नातल्या समईसारखं स्वच्छ. परत लावलं. मोटार गप्प. परत काढलं. परत लावलं. गप्प! तीन तास!

शेवटी चिडून देवाची भांडी घासतात तसं चिंचेनं घासलं, सोड्याच्या पाण्यात बुचकळलं, पुसलं, उन्हात ठेवलं. लावलं आणि पहिल्या बटनाला सुरू.

का बंद पडली होती, माहीत नाही. का सुरू झाली, तेही माहीत नाही. थंडीचं दव शिरलं असेल, असं स्वतःला पटवलं. न पटणाऱ्या गोष्टी पटवून घ्यायची सवय इथं आल्यापासून लागलीच आहे.

अनुसूया माझ्यासाठी डिंकाचे लाडू करते आहे. "वाशीमला थंडी फार असते म्हणतात, वन्सं." तीन डबे भरतील एवढा डिंक आणवला आहे. माझी काळजी करणारं एक माणूस तरी आहे.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

परत! चिंच, सोडा, ऊन, सगळं करायला बसणार तोच व्यंकटराव गोठ्यात आला. गोठ्यात! सोवळ्यानं ताटावर बसावं तसा धोतर आवरत. बरोबर जिनिंग फॅक्टरीतला इंजिनवाला गुलाबसिंग. न सांगता, न मागता, स्वतः जाऊन घेऊन आला. "अक्का, तुमची एवढी तकलीफ बघवत नाही. एक तारखेला तुम्हाला बराबर पोचलं पाहिजे." मी चष्मा काढून पुसला आणि परत घालून त्याच्याकडे पाहिलं. भाऊ तोच होता.

गुलाबसिंगनं जोड हातात घेतला, नाकाला लावला, कानापाशी हलवला.

"बाई, करंट आ तो रहा है. जा नहीं रहा."

"ते मला सहा आठवडे माहीत आहे."

"फिर मेरे को काहे को बुलाया?"

"मी नाही बोलावलं. यांनी बोलावलं."

हसला. माणूस बरा आहे. जोड जागच्या जागी ठेवला आणि तारेचे दोन तुकडे अलीकडून पलीकडे टाकून घट्ट पिळले. जोडाला बाहेरूनच वळसा! "अब इसको सोने दो," म्हणाला. मोटार सुरू. हे मला का सुचलं नाही? रोग बरा करायच्या हट्टापायी रोग्याला चालवायचं विसरले.

बुधवार, १६ नोव्हेंबर

चालते. कयाधू नदीपर्यंत जाऊन आले. पेट्या भरायला घेतल्या.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

तारेचे तुकडे नाहीत!

तुटले नाहीत, पडले नाहीत. कुणीतरी पीळ उलगडून काढून नेले. डबी तशीच नीट बसवलेली, मोटार मढं. हे दव नाही आणि देवाचा रागही नाही. हा माणसाचा हात आहे.

डबी उघडली. तेच लखलखीत पितळ. या वेळी भिंग बाजूला ठेवलं आणि बोट ओलं करून खुंटीवर टेकवलं. चिकट! जिभेला लावलं.

डिंक!

पाण्यासारखा पातळ करून लावलेला आणि वाळवलेला. काचेसारखा. दिसणारच नाही. आणि पाण्यात घातला की विरघळणार. म्हणून चिंच लागू पडली होती! चिंच नव्हे, चिंचेनंतरचं पाणी! मी मूर्ख, पितळ घासत बसले.

डिंक कुणाकडे असतो? ज्याच्या मेजावर लखोटे चिकटवायची बाटली असते त्याच्याकडे! ओसरीवर गेले. बाटली उचलून त्याच्यापुढे आपटली. "हे तू मोटारीत घातलंस."

व्यंकटराव आधी गोंधळला, मग खरंच घाबरला. "अक्का, देवाशप्पथ! मी कशाला अडवीन तुम्हाला? मला तर उलट..." आणि थांबला.

"उलट काय?"

"काही नाही. उलट मीच गुलाबसिंगला आणलं ना?"

पेशकार! कोर्टात असली साक्ष कुणी दिली तर हाच हसला असता.

शनिवार, १९ नोव्हेंबर

व्यंकटराव कचेरीच्या कामानं परभणीला गेला. शुक्रवारी येणार. मी जोड धुऊन मोटार सुरू केली आणि सटवाजीला गोठ्यात खाटेवर राखणीला बसवलं. "कुणी मोटारीपाशी आलं तर ओरडायचं."

"वरडतो की. काठी बी घेतो."

तो मोटारीपासून चार हात लांब बसतो. शेंदरानंतर हात लावायचीच धास्ती घेतली आहे त्यानं.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

व्यंकटराव परभणीला. आणि मोटार बंद. जोडात डिंक.

मी खाटेशी उभी राहिले. "सटवाजी, कोण आलं होतं?"

"कुनी न्हाई अक्कासाब."

"तू झोपला होतास."

"डोळ्याला डोळा न्हाई लावला. कुनी म्हंजी कुनी न्हाई. निस्त्या वैनीसाब आल्या होत्या, भाकर घेऊन. म्हणल्या, तू विहिरीवर हातपाय धून ये, मी थांबते तवर."

म्हणजे अनुसूया आली होती. पण ती सटवाजीच्या हिशेबी 'कुणी' नाही. खरं तर माझ्याही नव्हती.

तरी खात्री करून घेतली. लेखणीच्या टोकानं ओसरीवरच्या बाटलीतला डिंक जिभेवर घेतला. कडूजहर! बुरशी चढू नये म्हणून कचेरीवाले मोरचूद घालतात. थुंकले, चूळ भरली. मग खुंटीवरचा परत चाटला. नुसता फिका. स्वयंपाकघरातला.

बुधवार, २३ नोव्हेंबर

दुपारी स्वयंपाकघरात गेले. अनुसूया गहू निवडत होती. डिंकाचा डबा तिच्यापुढे ठेवला. तिनं डब्याकडे पाहिलं आणि परात बाजूला सारली. नाही म्हणाली नाही, रडली नाही. मी रडण्याची तयारी करून गेले होते. तिच्या.

मला पहिला प्रश्न सुचला तो असा: "किती पातळ केलास?"

"दुधाएवढा. कोंबडीच्या पिसानं दोन हात दिले. पहिला वाळल्यावर दुसरा."

काम चोख आहे! दवाखान्यात जखम बांधणाऱ्या निम्म्या पोरींना एवढा धीर नव्हता. तारेचे तुकडे तिनं चुलीत घातले होते.

"का?"

तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. "तुम्ही गेलात की दुसरी येणार आहे."

"दुसरी काय?"

"यांना. हट्टा गावची मुलगी आहे. सतरावं चालू आहे. माघात करायचं म्हणतात."

मी पाटावर बसले. पंधरा वर्षांत मूल झालं नाही, हे कोण विसरलं होतं? पण हे? माझ्या नाकाखाली?

"मला कुणी बोललं नाही!"

"तुम्हाला कोण बोलणार, वन्सं? तुमच्या तोंडाला भितात. 'अक्का जाऊ द्या एकदा, मग उरकू' असा निरोप धाडलाय हट्ट्याला. ती माणसं येऊन गेली. तुम्ही औंढ्याला गेलात त्याच दिवशी. मीच पोहे केले त्यांना."

काचा पुसत उभी होती त्या दिवशी! मी तिला काय काय म्हटलं होतं मनात.

"मग मला सांगायचं होतंस! डिंक कसला लावतेस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही राहिला असता?"

तिच्यासमोर मी परातीतले खडे वेचत बसले. इथं खरं लिहिते. नसते राहिले. व्यंकटरावाशी तीन दिवस भांडले असते, तिच्या डोक्यावरून हात फिरवला असता, आणि चौथ्या दिवशी निघून गेले असते. तिला ते माझ्याआधी कळलं होतं.

उठताना म्हणाली, "लाडू मात्र खरंच तुमच्यासाठी केले हो. त्यात काही नाही." हसू की थोबाडीत मारू?

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

व्यंकटराव आला. पाय धुऊ दिले, चहा घेऊ दिला, मग विचारलं. मुकरला नाही. एवढं तरी.

"अक्का, पंधरा वर्षं वाट पाहिली. घराण्याला नाव नको? शास्त्राला मंजूर आहे, कायद्याला मंजूर आहे. आणि हिला मी काय घराबाहेर काढतोय का? दोघी राहतील."

"तुझी तपासणी कुणी केली?"

"माझी?"

"दोष कुठं आहे ते बघताना मी दोन्ही टोकांना दिवा लावते. तू एकाच टोकाला लावलास आणि निकाल देऊन बसलास."

कानापर्यंत लाल झाला. "बायकांनी भावाशी असं बोलू नये!"

"मी तुझी नाळ कापलेली पाहिली आहे. मी कसंही बोलेन."

मग ओरडायला लागला. मी जावं, खुशाल जावं. गुलाबसिंग मोटार करून देईल, नाही झाली तर दोन बैल लावून हद्दीवरच्या करोडगिरीच्या, जकातीच्या नाक्यापर्यंत ओढून देईल, पण एक तारखेला मी वाशीमला असलं पाहिजे! माझ्या जाण्याची एवढी कळकळ आजवर मलाही वाटली नव्हती.

"आणि राहिले तर?"

तो उपरण्याशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "तुम्ही घरात असेस्तोवर नाही आणणार. रोज सकाळ-संध्याकाळ तुमचं बोलणं ऐकून घ्यायची माझी ताकद नाही. पण अक्का, तुम्ही किती दिवस पुरणार?"

खरं बोलला. छप्पन्न आणि किती? मी इथं बसून आहे तोवर अनुसूयेची जागा तिची. उठले की गेली. सहा दिवसांवर एक डिसेंबर आहे, जोड धुतला की मोटार मिनिटभरात सुरू होईल, आणि मला उठता येत नाही.

या घरात आपण एकट्याच अडकलो आहोत असं मी इतके महिने समजत होते. आणि ती दाराशी उभी राहून माझी बडबड ऐकत होती.

शनिवार, २६ नोव्हेंबर

पोस्टात जाऊन वाशीमला तार केली. काय विचारलं ते उत्तर आल्यावर लिहीन. आज कुणाशी बोलले नाही. व्यंकटराव दोनदा येऊन ताप आहे का विचारून गेला.

सोमवार, २८ नोव्हेंबर

तार आली, होकाराची. सकाळी अकरा वाजता अनुसूयेच्या हातात चिठ्ठी दिली. नक्कल इथे ठेवते.

'सौ. अनुसूया हीस,

वाशीमच्या सूतिकागृहात शिकाऊ नर्सची एक जागा आणि आपल्या दोघींना मिळून एक खोली आहे. बुधवार ता. ३० रोजी सकाळी सहा वाजता मोटार सुटेल. तुझ्या नवऱ्याची परवानगी मी मागितलेली नाही, मागणारही नाही. येत असशील तर तसं लिही. येत नसशील तर तसंही लिही. मग मी वाशीमला नकार कळवते आणि तुझ्याजवळ इथेच राहते. दोन्हीपैकी काय ते तू ठरवायचं आहेस, मी नव्हे. उत्तर तुझ्या स्वतःच्या अक्षरात, खाली सही करून, उद्या मंगळवार ता. २९ रोजी दिवेलागणीच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. तोंडी उत्तर घेतलं जाणार नाही.

गंगूताई'